लटकन पोपट : महाड-पोलादपूरच्या जंगलातल्या चिमणीएवढ्या पोपटाचं नाव इतकं महत्त्वाचं का आहे?

पांगारा फुलला की पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना किंवा महाडकडून वरंधा घाटाकडे जाताना एखादं झाड नुसतं लालभडक दिसतं. त्यावर मैना, बुलबुल, कोतवाल यांची झुंबड उडालेली असते. अशा गर्दीत कधीतरी एक हिरवं पान हलतं, फांदीला उलटं लोंबकळतं आणि किरकिरा आवाज करत भुर्रकन उडून जातं. ते पान नसतं, पोपट असतो. लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरचिमणीपेक्षाही थोडी कमी.

आता समजा, अशा पोपटाचा फोटो कुणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर येईल, "अरे, हा तर लव्हबर्ड! कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला असेल." दुसरा म्हणेल, "पोपटाचं पिल्लू आहे, मोठं झालं की शेपूट येईल." तिसरा गुगल करून सांगेल, "लॉरीकीट!" तिन्ही उत्तरं चुकीची आहेत.

चुकलं तर चुकलं, त्यात काय एवढं, असं वाटू शकतं. पण पहिलं उत्तर खरं मानून कुणी तो पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवला, तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. दुकानातून आणलेला लव्हबर्ड पाळणं आणि हा पक्षी पाळणं, या दोन गोष्टींत कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक केला आहे आणि तो फरक फक्त नावावर उभा आहे.

म्हणून या चिमुकल्या पोपटाचं नाव कुठून आलं, शास्त्रज्ञांनी त्याला कुठल्या घरात बसवलं आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे नीट समजून घेऊया.

हा पक्षी नेमका कोणता?

इंग्रजीत त्याला आज 'व्हर्नल हँगिंग पॅरट' म्हणतात. मराठीत 'लटकन पोपट', 'चिमण पोपट' अशी नावं वापरली जातात. या लेखात आपण त्याला लटकन पोपट म्हणू. शास्त्रीय नाव आहे लोरिक्युलस व्हर्नालिस.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. अंग पोपटी हिरवं, चोच लाल, शेपूट आखूड. उडताना पाठीच्या खालच्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी लाल ठिगळ दिसतं. नराच्या गळ्यावर निळसर डाग असतो. गळ्याला काळा-गुलाबी पट्टा नाही, लांब शेपूट नाही. त्यामुळे हे आपल्या नेहमीच्या पोपटाचं, म्हणजे कीर पोपटाचं पिल्लू असू शकत नाही.

याची सगळ्यात गमतीची सवय म्हणजे तो वटवाघळासारखा उलटा लटकून झोपतो. नाव पडलं ते त्यावरूनच. फुलांतला मध आणि मऊ फळं हे त्याचं खाणं. भारतात पश्चिमेकडे तो साधारण मुंबईच्या अक्षांशापासून दक्षिणेला सह्याद्रीच्या जंगलांत आढळतो. महाड आणि पोलादपूर हे तालुके या पट्ट्याच्या उत्तरेकडच्या भागात येतात. फुलं-फळं जिकडे असतील तिकडे तो फिरतो, त्यामुळे एखाद्या मोसमात दिसतो आणि एखाद्या मोसमात अजिबात दिसत नाही. पानांत मिसळून जातो, म्हणून तर आणखीच हुकतो.

जगाच्या हिशेबात तो धोक्यात नाही. आययूसीएनच्या लाल यादीत तो सर्वात कमी काळजीच्या गटात आहे. पण घरट्यासाठी त्याला झाडाची ढोली लागते आणि ढोली असलेली झाडं म्हणजे जुनी झाडं. तीच तुटली, तर यादीत काहीही लिहिलेलं असो, त्या डोंगरातून तो जाणार.

नाव ठेवलं कुणी?

स्वीडनचा कार्ल लिनियस हा शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणारा माणूस. त्याच्या 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली आली आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं त्या वर्षापासूनची धरली जातात. प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं नाव, पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. सोपं करून सांगायचं तर आधी आडनाव, मग नाव. (शाळेच्या पुस्तकात 'जीनस'ला प्रजाती आणि 'स्पीशीज'ला जाती म्हणतात. बातम्यांत मात्र 'स्पीशीज'लाच प्रजाती म्हटलं जातं. इथे आपण शाळेच्या पुस्तकाप्रमाणे जाऊ.)

लिनियसच्या काळात पोपटांची वर्गवारी फारच ढोबळ होती. वाकडी चोच दिसली की टाक सिटाकस या एकाच प्रजातीत. आफ्रिकेचा असो, ब्राझीलचा असो की कोकणातला, सगळ्यांचं आडनाव एकच.

लिनियसचा एक शिष्य होता अँडर्स स्पारमान. कॅप्टन जेम्स कूकच्या दुसऱ्या जगप्रवासात तो सहभागी झाला होता. स्वीडनमध्येच कार्लसन नावाच्या एका बड्या सरकारी अधिकाऱ्याकडे पक्ष्यांचा मोठा संग्रह होता. त्या संग्रहातल्या नमुन्यांची चित्रं आणि वर्णनं स्पारमानने 'म्युझियम कार्लसोनियानम' या नावाने प्रसिद्ध केली. त्यात १७८७ साली आपला लटकन पोपट पहिल्यांदा शास्त्रीय नावाने आला. नाव होतं सिटाकस व्हर्नालिस.

व्हर्नालिस म्हणजे वसंत ऋतूचा. बहुधा त्याच्या कोवळ्या पालवीसारख्या रंगावरून हे नाव सुचलं असावं. म्हणजे उलटा लटकणारा हा पक्षी शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला तो संग्रहातल्या मेलेल्या नमुन्यावरून, रंग बघून. तो झोपतो कसा, खातो काय, घरटं कसं करतो, हे नमुन्यावरून कळायला मार्ग नव्हता.

पुढे १९ व्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचं काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने या छोट्या पोपटांसाठी वेगळी प्रजाती केली, लोरिक्युलस. त्याचा अर्थ 'छोटा लोरी'. लोरी हे इंडोनेशिया, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया या भागातले रंगीबेरंगी, मध खाणारे पोपट. हा शब्द मूळचा मलय भाषेतला.

नियम असा आहे की आडनाव बदललं तरी मूळ नाव आणि ते देणाऱ्याचा मान कायम राहतो. म्हणून आजही पुस्तकात 'लोरिक्युलस व्हर्नालिस (स्पारमान, १७८७)' असं लिहितात. तो कंस उगाच नाही. नाव देणारा कंसात असेल तर समजायचं की त्याने ठेवलं तेव्हा आडनाव वेगळं होतं, नंतर कुणीतरी घर बदललं.

लोरी नाही, मग हा कुणाचा कोण?

नावात 'छोटा लोरी' आहे, पण हा लोरी नाही. आणि इथेच गोष्ट मजेशीर होते.

पोपटांची नाती कशी जुळवायची? पूर्वी चोच, पिसं, शेपूट, हाडं यांवरून जुळवायचे. सवयीही बघायचे. लटकन पोपटाची मादी घरट्यासाठी पानांच्या पट्ट्या कुरतडते आणि त्या चोचीत न धरता पाठीच्या खालच्या पिसांत खोचून ढोलीत नेते. जगातले फार थोडे पक्षी असं करतात. आफ्रिकेतल्या खऱ्या लव्हबर्डच्या काही जाती मात्र अगदी असंच करतात. त्यामुळे हे दोघं नातेवाईक असावेत, अशी शंका पक्षी अभ्यासकांना आधीपासून होती.

२००८ मध्ये पोपटांच्या डीएनएचा एक मोठा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात हे नातं दिसलं. आशियातला लटकन पोपट, आफ्रिकेतला लव्हबर्ड आणि फिलिपिन्समधला ग्वायाबेरो नावाचा छोटा पोपट हे एकाच फांदीवरचे निघाले. २०१२ मध्ये पोपटांच्या कुलांची नव्याने मांडणी झाली. तिच्यात आफ्रिकेचा करडा पोपट आणि अमेरिकेतले मकाव एका कुलात राहिले, तर आपला कीर पोपट, लटकन पोपट, लव्हबर्ड, लोरी हे सगळे सिटाक्युलिडी या दुसऱ्या कुलात गेले. कुल एक असलं तरी त्यात फांद्या वेगळ्या आहेत.

आता बाजारात या. महाडच काय, महाराष्ट्रात कुठेही पक्ष्यांच्या दुकानात 'लव्हबर्ड' मागा. बहुतेक वेळा दुकानदार जो हिरवा-पिवळा-निळा, मानेवर बारीक रेघा असलेला पक्षी देतो, तो लव्हबर्ड नसतोच. तो असतो बजरीगर, ऑस्ट्रेलियाचा. आणि डीएनएच्या हिशेबात हा बजरीगर बसतो लोरीच्या फांदीवर.

म्हणजे गोंधळ बघा :

• आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो बजरीगर, नात्याने लोरीच्या जवळचा.

• ज्याच्या शास्त्रीय नावातच 'छोटा लोरी' आहे तो लटकन पोपट, नात्याने खऱ्या लव्हबर्डच्या जवळचा.

मग शास्त्रज्ञ नाव दुरुस्त का करत नाहीत? कारण शास्त्रीय नाव हे वर्णन नसतं, ती ओळख असते. एखाद्याचं आडनाव 'पाटील' असलं म्हणून तो आज गावची पाटीलकी करत असतो असं नाही. नावाचा अर्थ चुकीचा आहे म्हणून नाव बदलायचं ठरवलं, तर गेल्या दोन-अडीचशे वर्षांच्या सगळ्या नोंदी शोधायच्या कशा? म्हणून नाव टिकवायचं आणि त्या नावाला योग्य फांदीवर बसवायचं, असा मार्ग शास्त्राने काढला आहे. लोरिक्युलस हे नाव तसंच आहे, फक्त त्याची जागा आता नीट कळली आहे.

कायद्याच्या यादीत नाव काय?

इथून पुढचा भाग आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. हा कायदा याद्यांवर, म्हणजे अनुसूचींवर चालतो. जुन्या अनुसूची ४ मध्ये पक्ष्यांची नावं गटागटाने दिलेली होती. त्यात 'पॅराकीट' होतं आणि त्याखेरीज 'लॉरीकीट' असंही एक नाव होतं. खरे लॉरीकीट तर भारतात रानटी आढळतच नाहीत. मग ते नाव भारताच्या कायद्यात आलं कसं? कारण आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी पक्षीपुस्तकांत लटकन पोपटाला 'इंडियन लॉरीकीट' म्हणत. ब्लाइथच्या 'छोट्या लोरी'ची सावली अशी थेट कायद्यापर्यंत पोचली.

२०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. ढोबळ गटांच्या जागी जातींची इंग्रजी आणि शास्त्रीय नावं देऊन याद्या नव्याने तयार झाल्या. कीर पोपट आता अनुसूची २ मध्ये आहे. आपल्या रानातले पोपट, लटकन पोपटासकट, संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, यातलं काहीच चालत नाही. अनुसूची २ मधल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

"आमच्या आजीकडे पण पिंजऱ्यात राघू होता की!" असं अनेकजण म्हणतील. खरंय. 'विठू विठू' बोलणारा पोपट ही कोकणातल्या कितीतरी ओट्यांवरची ओळखीची गोष्ट होती. पण देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच बंदी आहे. जुनी सवय आहे म्हणून सूट मिळत नाही.

मग परदेशी पोपटांचं काय? तिथे दुसरी यादी लागते. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटीस' नावाचा करार आहे. जगातले जवळपास सगळे पोपट या कराराच्या परिशिष्टांत आहेत. परिशिष्टांबाहेर ठेवलेत फक्त चार : बजरीगर, कॉकाटील, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला कीर पोपट. २०२२ च्या दुरुस्तीत नवी अनुसूची ४ आली, ती सायटीसच्या यादीतल्या जातींसाठी. त्यातले प्राणी कुणाकडे असतील, तर त्यांची नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले आणि 'परिवेश २.०' या पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने दिले.

आता हे चार पक्षी शेजारी शेजारी ठेवून बघा :

• बजरीगर : पाळता येतो, सायटीसची भानगड नाही.

• गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड : तेच.

• फिशर्स लव्हबर्ड, म्हणजे त्याचाच सख्खा भाऊ : सायटीसच्या यादीत, नोंदणी लागते.

• लटकन पोपट, या लव्हबर्डांचा आशियातला चुलत भाऊ : पाळायचाच नाही.

आणि कीर पोपटाची गंमत तर आणखी वेगळी. आंतरराष्ट्रीय यादीत तो सुटलेला, भारतातल्या कायद्यात मात्र पक्का संरक्षित. "सायटीसमध्ये नाही म्हणजे चालतो" असं सांगणारे व्हिडिओ दिसले, तर हे लक्षात ठेवा.

चारही हिरवे-पोपटी, चारही चिमुकले किंवा मध्यम. रंग बघून, बाजारातलं नाव ऐकून हा फरक कळत नाही. तो कळतो तो फक्त नेमक्या नावावरून.

शास्त्राने नाव बदललं तर काय होतं?

हा प्रश्न रास्त आहे, कारण नावं बदलत असतात. कीर पोपट आणि तुईया पोपट ज्या सिटाक्युला या प्रजातीत आहेत, तिचे डीएनएच्या आधारे अनेक तुकडे करावेत, असं गेल्या दशकात काही अभ्यासकांनी सुचवलं. तुईयाला 'हिमालयाप्सिटा' असं नवं आडनावही देण्यात आलं. त्यामुळे एकाच पक्ष्याची दोन शास्त्रीय नावं वेगवेगळ्या ठिकाणी वाचायला मिळतात.

याचं एक कारण म्हणजे जगभर पक्ष्यांच्या एकाहून जास्त याद्या चालत होत्या आणि त्यांचं आपसात जुळत नव्हतं. जून २०२५ मध्ये या याद्या चालवणाऱ्यांनी मिळून 'एव्हीलिस्ट' नावाची एकच जागतिक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात पक्ष्यांच्या ११,१३१ जाती आहेत. शास्त्राच्या बाजूने ही मोठी सोय झाली. पण कायद्यातली यादी आपोआप बदलत नाही. ती बदलायला सरकारलाच पाऊल उचलावं लागतं.

नुसतं आडनाव बदललं तर फार बिघडत नाही, पक्षी तोच राहतो. खरा प्रश्न येतो तो एका जातीच्या दोन जाती झाल्या तर. याचं उदाहरण गिधाडांचं आहे आणि रायगडकरांना गिधाडं नवी नाहीत, शेजारच्या म्हसळ्यातलं चिरगाव गिधाडांसाठीच ओळखलं जातं. लांब चोचीचं गिधाड ही पूर्वी एकच जाती मानली जायची. २००१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की या दोन वेगळ्या जाती आहेत, एक आपल्याकडच्या कड्यांवर घरटं करणारी आणि दुसरी उत्तरेकडे-ईशान्येकडे झाडांवर घरटं करणारी, बारीक चोचीची. एका नावाखाली दोघांची मोजणी होत होती, तोवर दुसरीची संख्या किती कमी आहे हे वेगळं दिसतच नव्हतं. नाव वेगळं झालं, तेव्हा तिची वेगळी काळजी घेता आली.

म्हणजे वर्गीकरण हा प्रयोगशाळेतला शब्दांचा खेळ नाही. ज्याला नाव नाही, त्याची मोजणी नाही. ज्याची मोजणी नाही, तो कमी झाला तरी कुणाला कळत नाही.

महाड-पोलादपूरकरांनी यात काय करायचं?

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या मदतीने गावाची जैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कोणती झाडं, कोणते पक्षी, त्यांना स्थानिक बोलीत काय म्हणतात, हे सगळं त्यात येतं. रस्ता, खाण, एखादा प्रकल्प आला, तर आपल्या रानात काय आहे हे दाखवायला गावाकडे हा कागद असतो.

अशा नोंदवहीत 'पक्षी : पोपट' एवढंच लिहिलं, तर कीर, तुईया, लटकन हे सगळे एका शब्दात बुजतात. उद्या त्यातला एक नाहीसा झाला, तरी नोंदवहीतला 'पोपट' तसाच राहील. उलट तुमच्या वाडीत या छोट्या पोपटाला जे म्हणतात ते नाव आणि शेजारी लोरिक्युलस व्हर्नालिस असं लिहिलं, तर ती नोंद रायगडातच नाही, जगात कुठेही वाचता येते. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोशा'त गावोगावची, बोलीबोलीतली नावं शास्त्रीय नावांसोबत मांडली, ती याचसाठी. बोलीतलं नाव गावाची ओळख टिकवतं, शास्त्रीय नाव पक्ष्याची.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो ग्रुपवर आला, की एवढं करा. शेपूट आखूड आहे का, पाठीखाली लाल आहे का, तो उलटा लटकलाय का, ते बघा. फोटो आणि ठिकाण ई-बर्डसारख्या नोंदणीच्या ॲपवर टाका, पण घरट्याची ढोली नेमकी कुठे आहे ते जाहीर करू नका. जखमी पक्षी किंवा पडलेलं पिल्लू सापडलं, तर घरी ठेवून घेऊ नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. आणि कुणी "लव्हबर्ड आहे, ठेवून घे" म्हणालं, तर त्याला सांगा, हा लव्हबर्डचा चुलत भाऊ आहे, पण याचं घर पिंजरा नाही, समोरचा डोंगर आहे.